विश्लेषण : अंगणात वेधशाळा, वर सरकते छप्पर… नगर जिल्ह्यात हे कसे जमेल?

परतीचा पाऊस ओसरला की अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याच्या पठारी तालुक्यांत आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. पुढे उन्हाळ्यातल्या वळवापर्यंत बऱ्याच रात्री निरभ्र मिळतात. तरीही हौसेने घेतलेल्या कितीतरी दुर्बिणी माळ्यावर किंवा शाळेच्या कपाटात धूळ खात पडतात. बहुतेकदा दोष दुर्बिणीत नसतो. ती दरवेळी बाहेर काढून जुळवण्याचा कंटाळा आड येतो. यावर जगभरातील हौशी निरीक्षकांनी स्वीकारलेला उपाय म्हणजे सरकत्या छपराची छोटी वेधशाळा. ती कशी बांधतात, परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलला तर नगरमध्ये काय बिघडते आणि हा खटाटोप कुणी करावा, याविषयी…

सरकत्या छपराची वेधशाळा म्हणजे काय?

दहा फूट बाय दहा फुटांची एक साधी खोली डोळ्यांसमोर आणा. भिंती पाच फुटांच्या, वर पत्र्याचे हलके छप्पर. हे छप्पर भिंतींवर पक्के बसवलेले नसते. त्याला चाके असतात आणि दोन बाजूंच्या भिंतींवर रूळ. हे रूळ खोलीच्या बाहेर आणखी दहा फूट जातात आणि तिथे लोखंडी खांबांवर टेकतात. संध्याकाळी छप्पर ढकलले की ते बाहेरच्या रुळांवर जाऊन उभे राहते आणि खोली आकाशाला पूर्ण उघडी होते. काम संपले की छप्पर पुन्हा जागेवर. कारखान्याचे किंवा बंगल्याचे सरकते फाटक ज्याने पाहिले आहे, त्याला यातले यंत्र नवे नाही. फाटक उभे सरकते, इथे छप्पर आडवे सरकते, एवढाच फरक.

वेधशाळा म्हटले की घुमट आठवतो. मग घुमट का नको?

घुमट वाऱ्यापासून आणि आजूबाजूच्या दिव्यांपासून चांगले संरक्षण देतो. पण तो गोल फिरला पाहिजे, त्याची फट दुर्बिणीसमोर राहिली पाहिजे आणि पावसात ती गळता कामा नये. गावातल्या फॅब्रिकेटरला हे काम अवघड जाते आणि तयार घुमट महाग पडतो. सरकते छप्पर मात्र चौकोनी पाइप, अँगल आणि पत्रा यांतून कोणताही चांगला वेल्डर बनवू शकतो. त्यात आकाश एकाच वेळी सगळे दिसते, त्यामुळे पाच-सहा मुले एकत्र उभी राहून तारकासमूह ओळखू शकतात. दिवसभर तापलेली हवाही चटकन बाहेर पडते.

ही केवळ हौशींची काटकसर आहे असेही नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अपाची पॉइंट येथे ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ची अडीच मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिलाही घुमट नाही. तिच्यावरचे आच्छादन रुळांवरून बाजूला सरकवले जाते आणि दुर्बीण उघड्यावर काम करते. सरकत्या छपराचा तोटा एकच, पण मोठा आहे. वारा, दव आणि शेजारचा दिवा थेट दुर्बिणीपर्यंत पोहोचतात.

एवढे करून फायदा काय?

वेळ वाचतो, हा खरा फायदा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे दुर्बिणीत पकडलेला तारा पाहता पाहता बाहेर निसटतो. तो धरून ठेवण्यासाठी दुर्बीण ज्या आधारावर बसते त्या ‘माउंट’चा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावावा लागतो. तिपाई मांडणे, ती सपाट करणे, अक्ष ध्रुवाकडे जुळवणे, वजने लावणे, तारा जोडणे, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ देणे, या सगळ्यात पाऊण ते एक तास सहज जातो. रात्री उशिरा हे सगळे पुन्हा आवरायचे असते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस असा उत्साह आठवड्यातून किती वेळा दाखवील?

माउंट एकदा सिमेंटच्या खांबावर पक्के बसले की जुळवणी कायम राहते. छप्पर ढकलून दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू होते. महिन्यातून दोनदा वापरली जाणारी दुर्बीण मग महिन्यातून पंधरा रात्री वापरली जाऊ शकते. मोठी दुर्बीण घेण्यापेक्षा आहे त्या दुर्बिणीला घर देणे शहाणपणाचे ठरते, ते यामुळे.

जिल्ह्यात जागा कुठे चांगली?

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे आणि त्याची दोन टोके हवामानाने अगदी वेगळी आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, भंडारदरा या भागात रात्री काळ्याभोर असतात. पण घाटघर-रतनवाडीचा पाऊस काही हजार मिलिमीटरच्या घरात जातो. तिथली वेधशाळा चार महिने ओलाव्याशी झुंजत राहील. पारनेर, नगर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पट्टा पर्जन्यछायेचा. शेतीसाठी जी ओढ आहे, तीच निरीक्षकासाठी संधी ठरते. मात्र इथे वारा आहे. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. प्रवरा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यात थंडीत धुके आणि दव जास्त असते, आणि तोडणीनंतर पाचट पेटवले की धुराचा थर क्षितिजावर दिवसेंदिवस राहतो.

म्हणून बांधकामाआधी त्याच जागी तिपाईवर दुर्बीण लावून काही महिने निरीक्षण करावे. दक्षिणेला कोणते झाड आड येते, पथदिवा किती लागतो, दव किती वाजता पडते, विहिरीवरची मोटर चालू झाली की हादरे बसतात का, हे सगळे तेव्हाच कळते. उसाच्या कडेला जागा असेल तर बिबट्याचाही विचार हवा. रात्री एकट्याने येऊ-जाऊ नये, घर ते वेधशाळा वाट मोकळी ठेवावी आणि दाराला आतून कडी असावी.

छप्पर कोणत्या दिशेला सरकवायचे?

परदेशी आराखड्यांची नक्कल इथे फसते. युरोप-अमेरिकेतील अनेक आराखड्यांत छप्पर उत्तरेकडे सरकते. तिथे ते बरोबर आहे. लंडनमध्ये ध्रुवतारा क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, त्यामुळे उत्तरेला उभे राहिलेले छप्पर त्याला झाकत नाही. नगर शहर मात्र सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर दिसतो.

साधा हिशेब करू. भिंत पाच फूट, त्यावर अडीच फूट उंचीचे दुपाखी छप्पर, म्हणजे आढे जमिनीपासून साडेसात फुटांवर. दुर्बिणीचा अक्ष खोलीच्या मध्यभागी साडेपाच फुटांवर. छप्पर उत्तरेला सरकवले की त्याची जवळची कड दुर्बिणीपासून पाच फुटांवर येते आणि आढे अक्षाच्या दोन फूट वर. हा कोन होतो सुमारे २२ अंश. ध्रुवतारा १९ अंशांवर असल्याने तो छपराआड गेला! ज्याच्या आधाराने माउंट जुळवायचे, तोच दिसेनासा झाला. तेच छप्पर एकपाखी आणि भिंतीपासून फक्त फूटभर उंच ठेवले, तर कोन सहा अंशांच्या आसपास येतो आणि अडचण मिटते.

दक्षिण तर मोकळीच हवी, कारण आपल्या अक्षांशाचे वैभव त्या बाजूला आहे. अगस्त्य तारा नगरहून दक्षिणेला सुमारे १८ अंशांपर्यंत वर येतो. नरतुरंगातला ‘ओमेगा सेंटॉरी’ हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ २३ अंशांवर दिसतो. लंडनमधून तो कधीच उगवत नाही. त्रिशंकूचा सर्वांत तेजस्वी तारा आठ अंशांच्या आसपास डोकावतो. दक्षिणेची भिंत उंच केली किंवा छप्पर तिकडे उभे केले तर हे सगळे गमावले.

उरतात पूर्व आणि पश्चिम. यांपैकी ज्या बाजूला आधीच घर, झाड किंवा गावाचे दिवे असतील तिकडे छप्पर सरकवावे. मग तेच छप्पर दिव्यांसमोर आडोसा म्हणून उभे राहते.

आणि उत्तर नेमकी कशी काढायची?

आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही. पण सळई, पत्रा आणि रूळ यांच्या जवळ होकायंत्र भरकटते. म्हणून जुनी शंकूची पद्धत उत्तम. सपाट जमिनीवर ओळंब्यात सरळ काठी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा जिथे शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. पायाची आखणी करायला एवढी अचूकता पुरते. बारीक जुळवणी नंतर ताऱ्यांवरून करता येते.

माउंट घेतानाही अक्षांश लक्षात ठेवावा. काही माउंट उंच अक्षांशांचा विचार करून बनवलेले असतात. १९ अंशांवर झुकवले की त्यांचे वजन लावायचे दांडे खांबावर आदळते. ‘हे १९ अंशांवर चालते का?’ हा प्रश्न विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारावा.

पाया कसा घ्यायचा? काळ्या मातीचे काय?

दुर्बिणीचा खांब आणि खोलीची जमीन एकमेकांना चिकटता कामा नये, हा वेधशाळेच्या बांधकामातला पहिला नियम. माणूस चालला की जमीन किंचित हलते. शंभर-दोनशे पट मोठी प्रतिमा दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो हादरा भूकंपासारखा दिसतो. म्हणून खांबाचा पाया वेगळा घेतात आणि फरशी त्याच्याभोवती इंचभर फट सोडून करतात. फटीत थर्माकोल भरले तरी चालते, सिमेंट मात्र जाऊ द्यायचे नाही.

राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, कोपरगाव या भागातल्या खोल काळ्या जमिनीत आणखी काळजी हवी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकवलेला खांब दरवर्षी थोडा कलतो आणि महिनाभर खपून केलेली जुळवणी बिघडते. खोदाई काळी माती ओलांडून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत न्यावी. पारनेरच्या माळावर हा थर दोन-तीन फुटांवरही लागू शकतो. तीन फूट लांब, रुंद आणि खोल पाया भरला तर काँक्रीटचे वजन सुमारे १.८ टन होते. आठ-दहा इंची दुर्बिणीला ते पुरेसे आहे. त्यावर फूट-सव्वा फूट जाडीचा सळईचा खांब घेऊन माथ्यावर माउंटच्या मापाचे बोल्ट बसवावेत. विजेच्या आणि डेटाच्या तारांसाठी पाइप फरशीआधीच टाकून ठेवावेत, नंतर फरशी फोडणे जिवावर येते. बाहेरच्या रुळांचे खांबही त्याच कठीण थरापर्यंत न्यावेत. ते खचले तर छप्पर अर्ध्यातच अडकते.

रूळ आणि चाके कोणती?

सरकत्या फाटकाची चाके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. उलटा अँगल रूळ म्हणून वापरला की खाच असलेले चाक त्यावर नीट बसते. सहा चाके लावली आणि छप्पर दीडशे किलोचे धरले, तर एका चाकावर २५ किलोच येतात. वजनाची अडचण नसते; रूळ समांतर नसणे हेच छप्पर अडकण्याचे नेहमीचे कारण. त्यावर सोपा तोडगा आहे. खाचेची चाके एकाच रुळावर ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला सपाट पट्टीवर सपाट चाके. मग एक बाजू दिशा देते आणि दुसरी फक्त वजन पेलते. वीस फुटांच्या लांबीत दोन्ही रूळ एका पातळीत आहेत की नाही, हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने तपासता येते.

भिंत आणि छपराच्या मधली फट पावसाचे दार असते. छपराच्या कडेचा पत्रा सहा इंच खाली लोंबता ठेवावा आणि आतून रबरी पट्टी लावावी. पन्हळाचे पाणी बाहेरच्या रुळांवर पडणार नाही असे पाहावे. मोटर बसवायची तर सरकत्या फाटकाची चालते, पण वीज गेल्यावर छप्पर हाताने ढकलता आलेच पाहिजे. दुर्बीण आडवी, ठरलेल्या जागी असल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही असे एक स्विच जरूर लावावे. उभ्या दुर्बिणीवर छप्पर ओढले गेले की क्षणात नळी वाकते.

वारा छप्पर उचलू शकतो का?

शकतो, आणि हा सर्वांत मोठा धोका आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका भरतो. पाखी धरून छपराचे क्षेत्र ११ चौरस मीटर असेल, तर वर उचलणारा जोर पाचशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. छपराचे वजन मात्र दीडशे किलो! वेग निम्मा झाला तर जोर एक चतुर्थांश होतो, तरी तो छपराच्या वजनाच्या जवळ जातो.

एप्रिल-मे हे निरीक्षणाचे महिने आणि वळवाचेही. दुपारी कोरडे आकाश, संध्याकाळी धुळीची वावटळ, मग गारा, असे तासाभरात घडते. म्हणून दोन गोष्टी टाळू नयेत. पहिली, रुळाच्या कडेखाली अडकणारे लोखंडी कान प्रत्येक चाकाजवळ, म्हणजे छप्पर उघडे असो वा मिटलेले, उचलले जाणार नाही. दुसरी, चार कोपऱ्यांवर आवळायचे हूक, बंद अवस्थेत भिंतीला आणि उघड्या अवस्थेत बाहेरच्या खांबांना. रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर हवेच. पत्र्याच्या खोलीला अर्थिंग करावे आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की उपकरणांच्या तारा काढून ठेवाव्यात.

उन्हाळा आणि पावसाळ्यात दुर्बिणीचे काय?

पत्र्याची बंद खोली मे महिन्यात भट्टी होते. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग, आतून उष्णतारोधक थर आणि एक छोटा पंखा एवढे केले तरी फरक पडतो. सूर्य मावळताच छप्पर उघडावे. गरम आरशावरची हवा थरथरत असते, ती शांत झाल्याशिवाय शनीची कडी स्पष्ट दिसत नाहीत. मात्र दिवसाउजेडी छप्पर उघडताना दुर्बिणीची झाकणे लावलेली असावीत. सूर्याचा प्रकाश नळीत शिरला तर डोळा आणि उपकरण दोन्ही जातात.

पावसाळ्यात शत्रू वेगळा. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा धरली की ती काच खाते. जूनमध्ये दुर्बीण, आयपीस आणि कॅमेरा घरात आणून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावेत. माउंटवर सैलसर आच्छादन घालावे, घट्ट प्लास्टिक गुंडाळले तर आत पाणी साचते. मोठ्या वेधशाळांनाही यातून सुटका नाही. पुणे जिल्ह्यात घोडेगावजवळच्या गिरवली येथील ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६पासून आहे, तीही पावसाळ्यात निरीक्षणासाठी बंद असते आणि तो काळ देखभालीला दिला जातो. जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच खोडद येथे असलेल्या ‘जीएमआरटी’च्या ३० तबकड्या मात्र ढगांआडूनही काम करतात, कारण त्या रेडिओलहरी टिपतात.

शहरात अंगण नाही, गच्ची चालेल?

चालेल, पण स्लॅबच्या मधोमध नाही. स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त लवतो आणि हादरतो. खाली जिथे कॉलम आहे तिथे किंवा दोन कॉलमांमधल्या बीमवर खांब घ्यावा आणि त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. गच्चीवर वारा अधिक लागतो, म्हणून छप्पर बांधून ठेवण्याची व्यवस्था दुप्पट काळजीने करावी. बांधकामाआधी ग्रामपंचायत किंवा महापालिकेत परवानगीची चौकशी करणे चांगले. शेजाऱ्यांनाही आधी सांगावे. दुर्बीण आमच्या खिडकीकडे आहे का, ही शंका एकदा चंद्राचे खड्डे दाखवले की बहुधा मिटते.

खर्चाचा अंदाज कसा घ्यायचा?

लोखंड आणि सिमेंटचे दर सतत बदलतात, म्हणून रकमेऐवजी माप हातात घेऊन फॅब्रिकेटरकडे जावे. दहा बाय दहाच्या खोलीला दोन रुळांचे मिळून ४० फूट, सहा चाके, पाखीसह सुमारे १२० चौरस फूट पत्रा, छपराच्या सांगाड्यासाठी चौकोनी पाइप, बाहेरच्या रुळांसाठी चार ते सहा खांब आणि पायाचे पाऊण घनमीटर काँक्रीट लागते. भिंती विटांच्याच हव्यात असे नाही. पाइपच्या चौकटीवर पत्रा किंवा सिमेंट बोर्ड लावला तर भिंती लवकर थंडही होतात. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीच्या आसपास अशी कामे करणारे कारागीर आहेत. काटकसर रंगात, फरशीत, मोटरमध्ये करावी. पाया, रूळ आणि छप्पर बांधून ठेवणारे हूक यांत करू नये.

अंगणातून खरेच विज्ञान होते?

विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे घराच्या बागेतून युरेनस शोधला. तेव्हा ते व्यवसायाने संगीतकार होते. महाराष्ट्रातही आकाशाकडे यंत्र वळवण्याची परंपरा जुनी आहे. प्रा. कावसजी नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात २० इंची दुर्बिणीची वेधशाळा उभारली. नगरच्या कर्जत तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी तळ ठोकला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच आली होती. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. त्यानंतर हौशींनी हे काम पुढे नेले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून कार्यरत आहे.

आजही हौशी निरीक्षकांना करण्यासारखे काम आहे. ज्यांचे तेज कमी-जास्त होते त्या रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी १९११मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ‘एएव्हीएसओ’ ही संघटना जगभरातून स्वीकारते. उत्तर मुकुट तारकासमूहातल्या ‘टी कोरोना बोरियालिस’चे स्फोट १८६६ आणि १९४६मध्ये नोंदले गेले. अशा एका ताऱ्याकडे रोज रात्री पाहत बसणे मोठ्या दुर्बिणींना परवडत नाही, अंगणातल्या दुर्बिणीला परवडते. नगरहून हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा किती सेकंद दिसेनासा झाला, याची नोंदही उपयोगी पडते. अशा कामांत दुर्बिणीच्या आकारापेक्षा सातत्य महत्त्वाचे. ते सातत्य हे सरकते छप्पर देते.

पण अंधार उरेल का?

प्रश्न इथे अडतो. पाया, पत्रा, चाके सगळे विकत मिळते. अंधार मिळत नाही. वाडी-वस्तीपर्यंत पांढरे एलईडी आणि चौकाचौकांत हायमास्ट आले. हवेत निळसर प्रकाश जास्त विखुरतो, त्यामुळे पांढऱ्या दिव्यांची आभा दूरपर्यंत पसरते. आकाशाचा अंधार मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये एक ते नऊ अशी श्रेणी मांडली. एक म्हणजे गडद, नऊ म्हणजे महानगर. उपकरणाशिवायही अंदाज येतो. चंद्र नसलेल्या रात्री डोक्यावर आकाशगंगेचा पट्टा ठळक दिसतो का, एवढे पाहावे.

गावाला दिवे हवेतच, रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला तर नक्कीच. पण दिव्याचे तोंड जमिनीकडे, वर झाकण आणि रंग पिवळसर असला तर रस्ता तेवढाच उजळतो आणि आकाश वाचते. राज्यातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखवले. आसपासच्या गावांत जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले गेले आणि जानेवारी २०२४मध्ये पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पारनेरच्या एखाद्या गावाला किंवा भंडारदऱ्याच्या पर्यटकांच्या वाटेवरच्या वाडीला यासाठी मोठा निधी लागणार नाही. पुढच्या वेळी पथदिवे बदलताना ग्रामसभेत एक मागणी मांडावी लागेल. अंगणात एक वेधशाळा असली तर ती मागणी करणारा माणूसही गावात असतो.

काम केव्हा सुरू करावे?

दिवाळीपासून जागेची पारख, जानेवारीत आखणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाया आणि खांब, मेच्या मध्यापर्यंत छप्पर. काँक्रीटला पाणी मारायला आणि मुरायला पुरेसे दिवस द्यावेत. दुर्बीण मात्र लगेच आत नेऊ नये. पहिला पावसाळा खोली रिकामी ठेवावी. वळवाच्या वाऱ्यात छप्पर हलते का, मुसळधार सरीत कुठल्या कोपऱ्यातून ओल येते, रुळांवर गंज कुठे धरतो, उंदीर आणि गांधीलमाश्या कुठून शिरतात, हे तेव्हा दिसून येईल. त्या चार महिन्यांत निघालेले दोष सप्टेंबरअखेर दुरुस्त करावेत. मग परतीचा पाऊस संपला की खांबाच्या माथ्यावरच्या बोल्टवर माउंट चढवायचे.